कुणाचं राहिलं?

शाळेत पडदे आले आणि त्याच महिन्यापासून पगार थांबले.

पडदे चार होते. दारापेक्षा रुंद, काळे कुळकुळीत, बोट लावलं की उजळणारे. कंपनीचा माणूस आला, त्याने भिंती ठोकून पाहिल्या आणि भिंत सपाट लागेल म्हणाला. तेव्हा सिमेंटचे जुने फळे छिन्नी-हातोड्याने फोडून काढले. उजेडात चित्र नीट दिसत नाही म्हणून खिडक्यांना काळा कागद लागला. धूळ आत जायला नको म्हणून खिडक्या बंद झाल्या. ऊन रोज चढत होतं. दुसऱ्या तासालाच वर्गात घामाचा वास कोंडायचा आणि पुढच्या बाकावरची मुलं वहीने वारा घेत पडद्यावरचा बर्फाचा डोंगर बघत बसायची.

वर्ग चार, पडदे चार आणि शिक्षक तीन. हेडमास्तर, बाई आणि धाकट्या बाई. चौथे गुरुजी मागेच नोकरी सोडून गेले होते. त्यांच्या वर्गात सकाळी पडदा लावून द्यायचा आणि दार ओढून घ्यायचं, अशी सोय झाली होती. दाराआडून कधी समुद्राचा आवाज यायचा, कधी मारामारीचा.

शाळा सरकारी नव्हती. गावाने बांधलेली, गावाच्या समितीने चालवलेली. समितीचे अध्यक्ष तात्या. गावातली सर्वांत मोठी टोमॅटोची बाग त्यांची, पाण्याची टाकी त्यांनी बांधलेली, पडदेही त्यांनीच आणलेले. गावातली पोरं बसमध्ये बसून शहरातल्या शाळेत जायला लागली होती, ते तात्यांच्या जिवाला लागलं होतं. पडदे लागल्यावर बस अर्धी रिकामी जायला लागली. ते खरं होतं, आणि तात्या ते भेटेल त्याला सांगत.

"बाई, पगार कुठे पळून जात नाही," समितीच्या बैठकीत तात्या म्हणाले. "पडद्यांचा हप्ता चुकला तर कंपनी पडदे उचलून नेईल. तुम्हाला कोण उचलून नेतंय?"

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. हसायचं नाही हे त्यांनी घरी जाताना ठरवलं.

घरी बाईंचा नवरा बाहेरच्या खोलीत उताणा पडला होता. तो विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करायचा. ओली मोटार वर ओढताना दोर सुटला, तो सावरायला गेला आणि कंबरेतून गेला. आता कंबरेला रुंद पट्टा होता. घटकाभर बसून तांब्याच्या तारेचे चार वेढे द्यायचा, की पुन्हा आडवा.

"मिळाला का?" त्याने आढ्याकडे बघतच विचारलं.

"हप्ता गेला म्हणे."

"कुणाचा?"

"पडद्यांचा."

"बरोबर आहे. पडद्याला खायला लागत नाही, प्यायला लागत नाही, नवरा नाही, सासू नाही. अशी बाई कुठे मिळणार त्यांना?"

"मला ऐकू येतं सगळं," सासूबाई आतून म्हणाल्या.

सासूबाई पिठाचा डबा तिरका धरून तळाला हात घालत होत्या. डब्याच्या पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. त्या पीठ घेऊन बाहेर आल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"तुझ्या भावाचा फोन आला होता. त्या मोठ्या दुकानातली जागा मालकाने अजून कुणाला दिली नाही. बिलं करायची, बसून काम, वर पंखा. शनिवारपर्यंत कळव म्हणालाय."

"शाळेचं काय करू, आई?"

"शाळेने तुझं काय केलं?"

त्यांच्या वर्गात काही मुलं नुकती कुठे अक्षराला अक्षर लावून वाचायला लागली होती. बोट ओळीखाली ठेवायचं, ओठ हलवायचे, मध्येच अडायचं, बाईंकडे बघायचं. पण वाचायला लागलेली मुलं हे काही डब्यात भरता येत नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि हंडा उचलून पाण्याला गेल्या.

ऊन वाढलं तशी शाळा सकाळचीच झाली. दुपारी पोरं घरी, आणि पोरांच्या आया टोमॅटो तोडायला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी जुनी साडी नेसली, तिच्यावर नवऱ्याचा शर्ट चढवला आणि बागेच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

टोळी अक्काची होती. अक्का म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखी बारीक म्हातारी, पण तिने हाक मारली की बागेच्या पलीकडल्या टोकाची बाई मान वर करायची. तिची नात बाईंच्या वर्गात होती.

"जागा आहे का टोळीत?" बाईंनी विचारलं.

अक्काने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "हात खराब होतील, बाई."

"होऊ देत."

"मग ती ओळ धरा. लांबडीच्या शेजारची. तिला विचारा काय विचारायचं ते."

लांबडी बाईंच्याच हाताखाली शिकलेली. शाळेत असताना मागच्या बाकावर बसून केस विंचरायची. तिने बाईंची पाटी पाहिली, पाटीतला एक टोमॅटो उचलला आणि नाकासमोर धरला.

"हा कच्चा. हा देठासकट ओढलाय. ओढायचा नाही बाई, वळवायचा. असा. शंभर वेळा लिहून आणा."

आजूबाजूच्या ओळींमधून हसू फुटलं. बाईंनाही हसू आलं. मग त्या वाकल्या, आणि नंतर बराच वेळ हसण्यासारखं काही राहिलं नाही. वेली काठ्यांना बांधलेल्या, खालचे घोस गुडघ्याच्याही खाली. उभं राहून हात पोचत नाही, बसून सरकता येत नाही. सगळं काम अर्धं वाकून. कंबर आधी दुखली, मग पेटली, मग आहे की नाही तेच कळेना. नवरा कसा पडून असतो ते बाईंना आता कुठे कळलं. पानांवरची हिरवी भुकटी हाताला लागत होती. आधी बोटं हिरवी झाली, संध्याकाळपर्यंत काळी. साबणाने धुतली तर पिवळं पाणी सुटायचं आणि काळं तसंच. शेवटी अक्काने एक फुटलेला लाल टोमॅटो त्यांच्या हातात दिला.

"हा चोळा. ज्याने लागलं त्यानेच निघतं."

संध्याकाळी भरलेले कॅरेट बांधाला रचले जात. ट्रक येऊन उभा राही. तात्या मोटारसायकलवरून येत, पैसे अक्काच्या हातात देत, अक्का ते वाटत असे. मग टोळीतली एकही बाई लगेच कॅरेटला हात लावत नसे. अक्का रचलेल्या कॅरेटसमोर उभी राहून विचारत असे, "कुणाचं राहिलं?"

"नाही," एकेक जण म्हणत जाई. शेवटची बाई नाही म्हणाली की अक्का म्हणे, "उचला." मगच माल ट्रकात चढे.

हे का, ते लांबडीने पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं. मागे एका बागेतला माल चढवून दिला, ट्रक गेला, आणि मालकाने हात वर केले. तेव्हापासून हा नियम. टोळीतल्या एकीचंही राहिलं असेल तर सगळी टोळी खाली बसणार. आणि टोळीतली म्हणजे कोण, तर जिने एक ओळ पुरी तोडली ती.

शनिवार आला. बाईंनी सकाळी शाळा केली, दुपारी ओळ धरली. भावाला रात्री फोन करायचा होता. हो म्हणायचं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं, आणि ठरवलं असूनही अक्काच्या नातीचं ओळीखाली सरकणारं बोट सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

तात्या त्या दिवशी लवकर आले. ट्रकचा ड्रायव्हर नवा होता. तात्या त्याला बाग दाखवत ओळींमधून फिरत होते. बाईंच्या ओळीशी आले आणि थबकले. बाईंनी डोक्यावरचा टॉवेल पुढे ओढला, पण उशीर झाला होता.

"अरे, बाई तुम्ही?" तात्यांनी टॉवेलाखाली वाकून पाहिलं. मग ते ड्रायव्हरकडे वळून हसले. "आमच्या शाळेच्या बाई. शाळेत पडदे लावलेत ना आम्ही, तेव्हापासून बाईंना दुपारी काम नसतं."

ड्रायव्हर हसला. बाईंच्या हातातला टोमॅटो दाबला गेला आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. शेजारच्या ओळीतली लांबडी हसली नाही. तात्या पुढे गेले.

संध्याकाळी पैसे वाटून झाले. अक्का कॅरेटसमोर उभी राहिली.

"कुणाचं राहिलं?"

"नाही." "नाही." "नाही गं."

बाईंच्या पाठीत कळ होती आणि डोक्यात तात्यांचं हसू. आपली पाळी आली हे कळलं आणि तोंडातून निघून गेलं, "माझे पाच महिने राहिलेत."

दोघीतिघी हसल्या. तात्याही हसले. बाईंनी जीभ चावली आणि त्याही हसल्या. अक्का हसली नाही.

"कुणाकडे?"

"अहो अक्का, सहज बोलले मी. शाळेचे. ते तुमच्यातलं नाही."

"कुणाकडे राहिलेत?"

"तात्यांकडेच की," लांबडी म्हणाली.

अक्काने पदराने कपाळ पुसलं आणि कडेच्या एकट्या कॅरेटवर बसली. ती बसली तशी टोळी बसली. कुणी कॅरेटवर, कुणी बांधावर. बाई एकट्या उभ्या राहिल्या.

"अक्का, उठा हो. चुकून बोलले मी."

"चुकून बोललात की खोटं बोललात?"

"खोटं नाही."

"मग बसा."

तात्यांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्यातला जीव गेला होता. "अक्का, वेड लागलं का तुला? शाळा वेगळी, शेत वेगळं."

"असेल. मी शेत विचारलं नाही, शाळाही विचारली नाही. राहिलं का, एवढंच विचारलं."

"ते माझ्याकडे नाहीत. समितीकडे आहेत."

"समिती राहते कुठे?" अक्काने विचारलं.

बायकांमध्ये खसखस पिकली. समितीचा फलक तात्यांच्याच घराच्या दारावर होता, हे गावात सर्वांना माहीत होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. कुणीच मान वळवली नाही, तेव्हा तो खाली उतरून टायरला पाठ लावून बसला. शेवटी तात्यांनी दोन्ही मुलांना आणि मळ्यातल्या गड्यांना बोलावून माल चढवला. काही कॅरेट कलंडले. टोळी आपापल्या डब्याच्या पिशव्या घेऊन घरी गेली, आणि अक्का जाता जाता म्हणाली, "बाईंचं मिटेपर्यंत आम्ही वाकणार नाही, तात्या. पिकलेलं सांभाळा."

बाईंना रस्ताभर कानशिलं तापल्यासारखी वाटत होती. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि हसायला लागला. कंबरेतून कळ आली तरी थांबेना.

"समिती राहते कुठे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आई गं. समिती राहते कुठे."

"हसताय काय? उद्या सगळं गाव म्हणेल, बाईंनी तात्यांची बाग बंद पाडली."

"तू कुठे पाडलीस? तुला विचारलं, तू सांगितलंस. विचारल्यावर शिक्षकाने खरं सांगायचं असतं ना?"

भावाला त्या रात्री फोन झाला, पण तो "चार दिवस थांब" एवढ्यापुरताच.

सकाळी हेडमास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खुर्ची दिली तरी कडेवरच बसले.

"बाई, हे काय करून बसलात? तात्यांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, तुमच्या शाळेतल्या माणसांना आवरा. तुम्ही अक्काला सांगा, माझं काही राहिलेलं नाही. एका वाक्याचं काम आहे."

"सर, पण राहिलेत."

"ते मला नका सांगू."

सासूबाई दारात उभ्या होत्या. दुकानातल्या जागेसाठी रोज भुणभुण लावणाऱ्या त्याच होत्या, पण परक्याने घरात येऊन सुनेला ऐकवणं वेगळं.

"मास्तर, तुमचे राहिले नाहीत का?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तरांनी पेन खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवलं. "राहिलेत. पण मला पदाचा मान ठेवायला लागतो. मी असा शेतात जाऊन..."

"मग मानाचं पीठ मिळतं का बघा," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. हेडमास्तर चहा न घेता उठले. चहा ठेवलेलाच नव्हता, कारण साखर नव्हती.

बागेत टोमॅटो लाल होत होते. आज तोडला तर बाजारात जाणारा, उद्या तोडला तर मऊ, परवा जमिनीवर. तात्यांनी शेजारच्या गावाची टोळी मागवली. टेम्पोतून बायका उतरल्या, त्यांच्या मुकादमिणीने बांधावर उभं राहून विचारलं, आधीची टोळी का उठली? गड्याने सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण गडी साधा होता. त्या बायका तात्यांच्या टाकीवर पाणी प्यायल्या, बाटल्या भरून घेतल्या आणि टेम्पोत बसून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या स्वतः बाईंच्या घरी आले. मोटारसायकल लांब लावून चालत आले. अंगणात बाई मुलांच्या वह्या तपासत होत्या. तात्या पायरीवर बसले. दाढी वाढलेली होती. हातावर टोमॅटोचं काळं होतं. स्वतः तोडायला वाकले असणार.

"माझी बाग सडतेय, बाई."

"दिसतंय, तात्या. मला बरं वाटत नाही त्याचं."

"तुम्हाला काय वाटतं, मी पडदे घरी नेऊन लावले? पोरांसाठीच केलं ना? शहरातल्या पोरांना जे मिळतं ते आपल्याला का नाही? मी शाळेत होतो तेव्हा एका खोलीत चार वर्ग बसायचे. पाऊस आला की छत्री धरून."

"पडद्यांशी माझं भांडण नाही," बाई म्हणाल्या. "हृदय कसं चालतं ते मी इतकी वर्षं खडूने काढत आले. पोरांना कळलं ते पडद्यावर. मलाही तेव्हाच कळलं, खरं सांगते. पण त्याच पोरांना 'हृदय' शब्द वाचता यायला शेजारी कुणीतरी बसावं लागतं. चौथ्या वर्गाचं दार उघडून बघा एकदा. पडदा चालू असतो आणि पोरं बाकांवरून उड्या मारत असतात."

तात्यांनी हातावरचं काळं चोळलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कंपनी म्हणते, दोन परत दिले तर हप्ता अर्धा होईल. पण लोक काय म्हणतील? तात्याने वाजतगाजत आणले आणि तात्यानेच परत पाठवले."

"लोक आत्ता काय म्हणताहेत, ते कळलंय ना?"

तात्यांनी मान हलवली. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला.

"उद्या सकाळी बांधावर तुमचे देतो. सगळे. अक्कासमोर."

"आणि हेडमास्तरांचे? धाकट्या बाईंचे?"

"त्यांचं बघू पुढे." तात्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "अक्काचा नियम काय आहे? टोळीतलीचं राहिलं तर बसायचं. टोळीत तुम्ही एकट्याच आहात, बाई. मी नियमाने चालतोय."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर बाईंनी वह्या मिटल्या आणि चपला घातल्या.

"आता कुठे निघालीस?" नवऱ्याने आतून विचारलं.

"हेडमास्तरांकडे. घरात एखादा जुना शर्ट आहे का, विचारून येते."

सकाळी शाळा भरायच्या आधी तात्यांनी बांधावर बाईंच्या हातात पाच महिने ठेवले. अक्काने बाईंना मोजायला लावलं. बाईंनी मोजले, पुरे भरले. "मिटलं," अक्का म्हणाली आणि टोळी ओळींमध्ये शिरली. तात्यांनी असा श्वास सोडला की ओळींत शिरलेल्या बायकांनाही ऐकू गेला. बाई पैसे घरी ठेवून शाळेत गेल्या आणि वाटेत भावाला फोन करून म्हणाल्या, "मालकाला सांग, दुसरं कुणीतरी बघा."

दुपारी शाळा सुटली तेव्हा बांधावर तिघं जण उभी होती. बाई, डोक्याला रुमाल बांधलेल्या धाकट्या बाई, आणि विटलेला चौकटीचा शर्ट घातलेले हेडमास्तर. पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, खिशाला पेन तेवढं राहून गेलेलं.

अक्काने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ती काही विचारायच्या आत हेडमास्तर म्हणाले, "टोळीत जागा आहे का?"

"पुरुषमाणूस आजवर घेतला नाही मी."

"नियमात तसं आहे का?"

अक्का विचारात पडली. "नाही खरं. ती ओळ धरा."

त्या दुपारी बागेत जेवढं हसू झालं तेवढं कुणाच्या लग्नात होत नसेल. हेडमास्तर ओळीत शिरले आणि सरळ उभे राहून टोमॅटो शोधायला लागले. लांबडी त्यांच्यामागे फिरत होती.

"सर, वाका. आणखी वाका. आम्हाला अंगठे धरायला लावायचात तेव्हा कसे सांगायचात, गुडघे सरळ?"

"तेव्हाचं तेव्हा," हेडमास्तर धापा टाकत म्हणाले.

"हा हिरवा. हाही हिरवा. सर, तुम्हाला रंग कळत नाहीत का?"

"मला गणित येतं."

"मग कॅरेट किती भरला, सांगा."

कॅरेटचा तळ अजून दिसत होता. हेडमास्तर पुन्हा वाकले. अर्ध्या ओळीत त्यांनी मातीत बसकण मारली, तोंडाला पाणी लावलं, आणि आता हे उठून जाणार असं सगळ्यांना वाटलं. बाईंनाही वाटलं. पण ते उठले ते पुन्हा ओळीतच शिरले. शर्ट पाठीला चिकटला होता, मान लाल झाली होती, बोटं हिरवीगार. शेवटचं झाड झाल्यावर त्यांनी काठीला धरून कंबर सरळ केली, तेव्हा लांबडीने टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली. धाकट्या बाई तोवर दुसरी ओळ अर्धी तोडून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

ऊन कललं. कॅरेट रचून झाले. दोन दिवसांचं तुंबलेलं पीक होतं, ढीग कधी नव्हे एवढा मोठा. ट्रक मागे घेऊन उभा. तात्या आले ते खुशीत. त्यांनी टोळीचे पैसे दिले, अक्काने वाटले. हेडमास्तरांनी आपली मजुरी दोन्ही हातांनी घेतली. तेव्हा कुठे तात्यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

"सर? तुम्ही इथे काय करताय?"

हेडमास्तरांनी मजुरी खिशात ठेवली. अक्का कॅरेटसमोर उभी राहिली होती.

"कुणाचं राहिलं?"

"नाही," लांबडी म्हणाली. "नाही," बाई म्हणाल्या, आणि तो शब्द म्हणताना त्यांना फार बरं वाटलं. "नाही." "नाही." पाळी सरकत सरकत टोकाला आली.

हेडमास्तरांनी घसा साफ केला. शाळेत प्रार्थनेआधी करतात तसा.

"माझे पाच महिने राहिलेत."

"माझेही," धाकट्या बाई म्हणाल्या.

अक्का कॅरेटवर बसली. टोळी बसली. या वेळी बाईही बसल्या, हेडमास्तरांच्या शेजारी, बांधावर.

तात्यांनी अक्काकडे पाहिलं, हेडमास्तरांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी नजर खाली घातली नाही.

"मी नियमाने चालतोय, असं तुम्हीच म्हणालात, तात्या."

ड्रायव्हर आता शहाणा झाला होता. त्याने हॉर्नला हात लावला नाही, खाली उतरून टायरला पाठ लावली. तात्या रचलेल्या कॅरेटभोवती एक फेरी मारून आले. एक टोमॅटो उचलून दाबून पाहिला. सकाळपर्यंत टिकणारा नव्हता. त्यांनी खिशातून फोन काढला आणि टोळीकडे पाठ करून उभे राहिले, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"हो, अध्यक्ष बोलतोय. दोन पडदे घेऊन जा... नाही, बिघडले नाहीत. चांगले आहेत. आम्हाला शिक्षक ठेवायचाय चौथ्या वर्गाला... हो, हो. लोक म्हणतील ते म्हणतील."

मग ते ड्रायव्हरकडे गेले. व्यापाऱ्याने मालाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच्याकडे पाठवली होती. ती त्यांनी तिथेच घेतली, मोटारसायकलच्या सीटवर ठेवून दोन वाटे केले, कमी पडलं ते स्वतःच्या खिशातून घातलं आणि आणून अक्काच्या हातात दिलं. अक्काने धाकट्या बाईंना दिलं, हेडमास्तरांना दिलं. हेडमास्तरांना मोजता येईना. बोटं हिरव्या भुकटीने चिकट झालेली, नोट नोटेपासून सुटेना. गणिताच्या मास्तरांचे पैसे शेवटी लांबडीने मोजून दिले.

"आणि यापुढे एक तारखेला," अक्का म्हणाली.

"हो गं बाई, एक तारखेला," तात्या म्हणाले. "नाहीतर तू सगळं गाव माझ्या बागेत वाकवशील."

ते हसत होते. हरल्यासारखे दिसत नव्हते, सुटल्यासारखे दिसत होते. अक्का उठली, लुगडं झटकलं आणि पुन्हा कॅरेटसमोर उभी राहिली. सगळ्यांचं एकदा विचारून झालं होतं, तरी नियम म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. नाही, नाही, नाही. हेडमास्तरांचं "नाही" सगळ्यांत मोठं होतं. पलीकडच्या रस्त्याने जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला.

"उचला," अक्का म्हणाली.

बाईंनी एका बाजूने कॅरेट धरला, दुसऱ्या बाजूने हेडमास्तरांनी. कॅरेट जड होता.

"सर, वाका," बाई म्हणाल्या.

हेडमास्तर वाकले, आणि दोघांनी मिळून तो ट्रकात चढवला.